वजा केलेली ओढ

वजाबाकीकाका. जन्म एका सुताराच्या घरी, पाच भावंडांत मधले. मृत्यू वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, भाड्याच्या एका खोलीत. व्यवसाय वेधशाळेतील तंत्रज्ञाचा. कागदोपत्री त्यांचे नाव तीन शब्दांचे आणि चांगले भारदस्त होते. परंतु पगारपत्रकाबाहेर ते कधी उच्चारले गेल्याचे कोणास स्मरत नाही. सबब येथेही लोक ज्या नावाने त्यांना हाक मारीत, तेच वापरणे उचित ठरेल.

या नावामागे एक कारण होते. टेकडीवरील वेधशाळेच्या तळघरात, दुहेरी दारांच्या आड, ताऱ्यांचा प्रकाश फोडून त्याचा रंगीत पट्टा करणारे यंत्र होते. त्या पट्ट्यात बारीक काळ्या रेघा असतात. तारा आपल्या दिशेने येत असेल तर त्या निळ्या टोकाकडे सरकतात, दूर जात असेल तर तांबड्याकडे. रेघा किती सरकल्या यावरून ताऱ्याची चाल कळते. अडचण एवढीच की यंत्रदेखील सरकते: थंडीने आखडते, हवेच्या दाबाने हलते, ज्या दिव्याशी रेघा ताडून पाहायच्या तो दिवा म्हातारा होतो. यंत्राचे सरकणे किती आणि ताऱ्याचे किती हे ठरवून यंत्राचा वाटा आकड्यातून वजा करणे, हे काकांचे काम. रोज सकाळी धुतलेला सदरा घालून ते संशोधकांच्या खोलीच्या दारात उभे राहत आणि म्हणत, "आजची वजाबाकी आणली आहे."

या कामामागे त्यांचा एक नियम होता. शंका आली की दोष यंत्राचा धरायचा. "ताऱ्याला खोटं बोलायचं काही कारण नाही," ते म्हणत. "आपण आधी आपलं घर झाडून घ्यावं." हा नियम त्यांनी तळघरापुरता ठेवला नाही. बस चुकली तर ते प्रथम स्वतःचे घड्याळ पाहत. कोणी त्यांच्या पायावर पाय दिला तर क्षमा तेच मागत. त्यांच्या पत्नी म्हणत, "यांच्या घरी चोरी झाली तर हे चोराला विचारतील, दार उघडायला त्रास नाही ना झाला?"

काकू, म्हणजे काकांच्या पत्नी, बसस्थानकावर निवेदिका होत्या. कोणती बस कोणत्या फलाटावर लागली, कोणती उशिरा येणार, हे सांगणे त्यांचे काम. त्यांचा आवाज भरदार आणि स्वच्छ होता. बोलताना प्रत्येक शब्दाचे शेवटचे अक्षर त्या पुरते उच्चारीत, आणि घरीही त्याच थाटात बोलत. टेकडीच्या पायथ्याशी कर्मचाऱ्यांच्या दोन खोल्यांच्या घरांत हे दोघेच राहत, मूलबाळ नव्हते. सकाळी जिन्याच्या तोंडाशी काकू उभ्या राहून घोषणा करीत, "वजाबाकींनी कृपया आपला डबा विसरू नये. डबा दाराशी लागलेला आहे." सगळी चाळ हसत असे. काका मान खाली घालून डबा उचलीत. परंतु ही घोषणा झाल्याशिवाय ते कधी जिना उतरले नाहीत.

वेधशाळेत त्या काळी एका खुल्या तारकागुच्छाचे काम चालू होते. काही शे तारे, सगळे एकाच मेघातून एकाच काळात जन्मलेले, अजून एकमेकांना धरून असलेले. हे काम ज्या संशोधिकेकडे होते, त्यांना सारेजण बाई म्हणत. बाईंपुढे प्रश्न असा होता की एवढ्या दाटीत एखाद्या ताऱ्याला ग्रह टिकवून धरता येतील काय, की शेजारच्या ताऱ्यांच्या धक्क्यांनी ते सुटून जातील. त्या गुच्छातील एका सूर्यासारख्या ताऱ्याच्या रेघा नियमाने मागे-पुढे होताना आढळल्या आणि बाईंना उत्तर मिळाले. त्या ताऱ्याला एक राक्षसी ग्रह होता, गुरूएवढा, आणि ताऱ्याला खेटून फिरणारा.

त्या आनंदात बाई काकांच्या घरी आल्या. काकूंनी चहा केला आणि विचारले, "ग्रह पाहिलात का तुम्ही?"

"नाही काकू, तो दिसत नाही. तारा डुलतो, त्यावरून कळतं."

"म्हणजे सासू आतल्या खोलीत आहे हे सुनेच्या चालण्यावरून कळतं, तसं."

बाई हसल्या. "अगदी तसंच. अशा ग्रहाला आम्ही तप्त गुरू म्हणतो."

"तापलेले गुरुजी मी शाळेत पुष्कळ पाहिले. फेरी किती दिवसांची यांची?"

"चार-पाच दिवसांची."

"मग ती जवळच्या गावची गाडी झाली. लांब पल्ल्याची नाही का कुठली?"

बाई थोड्या गंभीर झाल्या. त्या म्हणाल्या की तोच खरा प्रश्न आहे. एवढा मोठा ग्रह ताऱ्याच्या इतक्या जवळ जन्मत नाही. त्याला कोणीतरी आत ढकलले असणार, आणि तो ढकलणारा दूर कुठेतरी असणार. "पण दूरचा असला तर वर्षानुवर्षं वाट बघायची. तारा इतका सावकाश सरकतो की माणसाला वाटतं, यंत्रच बिघडलं."

"मग यांना विचारूच नका," काकू म्हणाल्या. "यांना सगळं यंत्रच बिघडलेलं वाटतं."

शेजारणीने भिंतीपलीकडून विचारले, "कोण बिघडलं गं?" तेव्हा काकूंचा आवाज असा होता.

पुढे दोन वर्षांच्या आत बसस्थानकावर तक्रारी येऊ लागल्या. प्रवासी म्हणत, घोषणा ऐकू येत नाही. नियंत्रकाने काकूंना माइक जवळ घेण्यास सांगितले. त्यांनी तो ओठांना लावला तरी तक्रारी थांबल्या नाहीत. काका सुटीच्या दिवशी हत्यारांची पेटी घेऊन स्थानकावर गेले, ध्वनिवर्धक उघडला, दोन भाग बदलले, कर्ण्यांतील धूळ काढली. नियंत्रकाला त्यांनी सांगितले, "यंत्र थकलं होतं." आठवडाभर सर्वांना बरे वाटले. नंतर तक्रारी परत आल्या आणि काकूंना तिकीटखिडकीमागे बसवण्यात आले. तेथेही लोक काचेला कान लावून "काय म्हणालात?" असे विचारीत. मुदत संपण्यापूर्वीच काकूंनी नोकरी सोडली. काका नियंत्रकावर रागावले नाहीत. ध्वनिवर्धक आपल्याला नीट दुरुस्त करता आला नाही, असे त्यांनी कित्येकांना सांगितले.

याच सुमारास तळघरातील जुना दिवा निकामी झाला आणि काकांनी नवा बसवला. त्या हंगामापासून सूर्यासारख्या त्या ताऱ्याच्या आकड्यांत एक सावकाश घसरण दिसू लागली. जवळच्या ग्रहाची मागे-पुढे डुल तशीच होती. परंतु सगळी डुलच्या डुल हळूहळू एका बाजूला सरकत होती. अशा एकाच दिशेच्या सरकण्याला वेधशाळेत 'ओढ' म्हणत. पडताळ्यासाठी, चाल न बदलणारे म्हणून ठेवलेल्या दोन ताऱ्यांपैकी एक स्थिर होता. दुसरा मात्र त्याच बाजूला थोडा झुकत होता. बाईंनी काकांना बोलावून घेतले.

"काका, ही ओढ ताऱ्याची की यंत्राची?"

काकांनी पडद्यावर घसरण कोणत्या तारखेपासून सुरू होते ते शोधले. "नवा दिवा लावल्यापासूनची आहे, बाई. यंत्राची."

"नक्की? ताऱ्याची असेल तर..."

"ताऱ्याची असावी असं तुम्हाला वाटतं, म्हणून तर मला जास्त भीती वाटते. दिवा माझा, हाताळणी माझी. वजा करा."

बाईंनी वजा केले. यंत्राविषयी काकांचा शब्द त्या वास्तूत अखेरचा मानला जाई, आणि तो आदर त्यांनी प्रामाणिकपणे कमावला होता. त्या दिवशी घरी आल्यावर काकांनी ही हकिकत सांगितली. काकू कपड्यांच्या घड्या घालीत होत्या. त्या काहीतरी म्हणाल्या.

"काय?"

"म्हटलं, ओढ यंत्राला कशी असेल? ओढ माणसाला असते."

"मला नीट ऐकू नाही आलं."

"तुमचे कान गेलेत," काकू म्हणाल्या. काकांना ते पटले.

कानांच्या तपासणीत वयोमानाप्रमाणे किंचित उणीव निघाली. काकांनी श्रवणयंत्र आणले आणि ते कमाल पातळीवर ठेवले. त्यामुळे घरातला फ्रीज गर्जू लागला, रस्त्यावरच्या गाड्या अंगावर येऊ लागल्या, शेजारणीने कढईत ढवळलेला झारा काकांच्या डोक्यात वाजू लागला. काकूंचा आवाज मात्र तळाशीच राहिला. काकांनी श्रवणयंत्र बदलून आणले. त्यानंतर वाणसामानाच्या यादीतले काकूंचे अक्षर बारीक होऊ लागले. ओळ सुरू होताना मोठे, शेवटी मुंगीएवढे. काकांनी चष्म्याचा नंबर वाढवून घेतला. पुढे काकूंचा चेहरा हलेनासा झाला. त्या हसत नसत, कपाळाला आठी घालीत नसत, डोळे मिटायलाही वेळ लावीत. त्या आपल्यावर रागावल्या आहेत अशी काकांनी समजूत करून घेतली आणि कशाकशाबद्दल क्षमा मागितली: सुटीत कुठे नेले नाही याबद्दल, कपाट वेळेवर रंगवले नाही याबद्दल.

"माझं काय चुकलं ते तरी सांग," ते एकदा म्हणाले.

"मी रागावले नाही हो," काकू पुटपुटल्या. "रागवायला जोर लागतो."

हे वाक्य त्यांना ऐकू गेले. त्यात पत्नीचा स्वभाव दिसला आणि ते निवांत झाले. त्या वाक्यात एक माहितीही होती, आणि ती माहिती म्हणून घेण्याची सवय त्यांना नव्हती.

काकूंमधला हा बदल पाहणारे एकच माणूस त्या काळात घरात आले. काकूंची धाकटी बहीण बऱ्याच वर्षांनी भेटीला आली. ती बोलायला फटकळ होती. दारातच तिने पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "ताई, तुझा आवाज कुठे गेला?"

"आवाज तिथंच आहे," काका म्हणाले. "माझे कान गेले."

"तुमचे कान गेले म्हणून मला कसं ऐकू येत नाही, भावोजी?"

काकू म्हणाल्या, "प्रवासानं तुझ्या कानांना दडे बसले असतील." दोघी हसल्या. म्हणजे बहीण हसली. काकूंचा चेहरा होता तसाच राहिला. काकांनी मेहुणीला खिडकीपासून दूर, आतल्या बाजूला खुर्ची दिली. रस्त्याच्या आवाजाने अडचण होत असेल, असे त्यांना वाटले. चार दिवसांनी मेहुणी निघाली तेव्हा जिन्यात थांबून म्हणाली, "एकदा डॉक्टरांना दाखवा." काका म्हणाले, "दाखवलं ना. नवीन यंत्र घेतलं." ते स्वतःच्या कानांविषयी बोलत होते.

काकांचे निवृत्तीचे वय झाले. पण यंत्र दुसऱ्या कोणाला नीट कळत नव्हते, म्हणून त्यांना मुदतवाढ मिळाली. वजाबाकी चालू राहिली. अशी सहा-सात वर्षे गेली. मग एका दुपारी बाईंनी त्यांना वर बोलावले. दुसऱ्या एका देशातील वेधशाळेने त्याच ताऱ्याभोवती दुसरा राक्षसी ग्रह सापडल्याचे जाहीर केले होते. तो फार दूर, लांबट कक्षेत होता आणि त्याला एका फेरीस कित्येक वर्षे लागत होती. बाईंच्या पडद्यावर स्वतःचे आकडे होते. आधी त्यांनी जवळच्या ग्रहाची डुल वगळून उरणारी सपाट रेषा दाखवली. मग म्हणाल्या, "आता हे बघा. तुमची वजाबाकी काढून टाकली."

सपाट रेषेच्या जागी एक सुबक, सावकाश उतरणारी कमान आली. दूरच्या ग्रहाने ताऱ्याला जसे ओढावे, तशीच ती होती. पडताळ्याच्या झुकणाऱ्या ताऱ्याला एक अंधूक जोडीदार होता, हेही आता उघड झाले होते.

"दिवा तपासला?" काकांनी विचारले.

"दिवा ठीक आहे, काका. पहिल्यापासून ठीक होता." बाई त्यांच्याकडे वळल्या. "तुमच्या एकट्याचं नाही हे. निर्णयावर सही माझी होती."

काकांनी कानातले श्रवणयंत्र काढले आणि खिशात टाकले.

"बाई, तुम्ही आत्ता नेहमीसारखं बोलताय, की मोठ्यानं?"

"नेहमीसारखं."

"अजून काहीतरी बोला."

"काय बोलू? काका, तुम्ही बसा जरा."

"मला सगळं ऐकू येतंय," काका म्हणाले. "मला सगळ्यांचं ऐकू येतं."

टोपी न घेता ते टेकडी उतरले. काकू खिडकीशी, हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. समोर स्टूल घेऊन काका बसले आणि म्हणाले, "एकदा बसची घोषणा कर. पूर्वी करायचीस तशी."

काकूंनी श्वास घेतला. "प्रवाशांनी कृपया" एवढे झाले. ते ओठांवर दिसले, कानाला निम्मे आले, आणि तिथे श्वास संपला. दुसरा श्वास घेऊन त्या म्हणाल्या, "माइक बिघडलाय."

ही थट्टा होती. चेहऱ्यावरून ती ओळखण्याचा काळ मागे पडला होता.

डॉक्टरांनी काकूंना दहा पावले चालवले, बोटे उघडमिट करायला लावली, एक ओळ लिहून घेतली. हा कंपवात असल्याचे त्यांनी सांगितले. काका म्हणाले, "तिचे हात तर कधी कापले नाहीत." डॉक्टर म्हणाले, "हात न कापणाराही असतो. तो आवाज नेतो, अक्षर नेतो, चेहरा नेतो. बरा झाला नसताच. पण वेळेवर आल्या असत्या तर गोळ्या आणि आवाजाचे व्यायाम यांवर पुष्कळ वर्षं बोलत्या राहिल्या असत्या. आता गिळण्यापर्यंत आलंय. किती वर्षं झाली याला?"

"दिवा बदलला तेव्हापासून," काका म्हणाले. डॉक्टरांना ते कळले नाही.

काकूंनी डॉक्टरांना जवळ बोलावून सांगितले, "मला वाटलं, हेच बहिरे झालेत. हेच म्हणायचे तसं." टेकडीवर काकांचा शब्द अखेरचा होता, तसा तो घरीही होता.

मुदतवाढीचा पुढचा कागद आला तेव्हा काकांनी तो परत केला. बाई समजावण्यास आल्या. काका म्हणाले, "रागावून नाही सोडत, बाई. माझा दोष कुठे संपतो आणि दुसऱ्याची ओढ कुठे सुरू होते, ते आता मला कळत नाही. असा माणूस यंत्रावर नको." खोटे सांत्वन करण्याइतक्या बाई हलक्या नव्हत्या.

गोळ्यांनी काकूंना चालण्यास थोडा आधार मिळाला; आवाज परत आला नाही. काका दिवसभर शेजारी बसत. जे ऐकू येत नसे त्यालाही ते "हो, हो" म्हणत, कारण पुन्हा विचारले तर तिला श्रम होतील. मेहुणी पुन्हा राहायला आली होती. तिने एक दिवस बहिणीच्या ओठांशी कान नेला आणि सरळ होऊन म्हणाली, "भावोजी, ती म्हणते, ऐकू आलं नाही तर हो म्हणू नका."

"बरोबर आहे," काका म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी खरे सांगण्यास प्रारंभ केला. काकू बोलत, काका म्हणत, "नाही ऐकू आलं." काकू पुन्हा बोलत. "नाही, अजून नाही." तिसऱ्या खेपेस बहुधा श्वास पुरत नसे. काही आठवड्यांत काकूंनी बोलणे सोडले. मेहुणी म्हणाली, "माझंच चुकलं. हो म्हणत होता तेच बरं होतं." काका म्हणाले, "नाही. ते पण बरं नव्हतं." दोहोंपैकी कोणते बरे, हे ठरवण्यासारखे तिसरे काही उरले नव्हते.

त्यानंतर काकू वर्षभरही राहिल्या नाहीत. घास चुकीच्या नळीत गेला, छातीत पू झाला, आणि रुग्णालयात आठवड्याच्या आत त्या गेल्या. शेवटच्या सकाळी त्यांनी काकांकडे पाहून ओठ हलवले. काका म्हणाले, "नाही ऐकू आलं." त्या वेळी मेहुणी चहा आणायला गेली होती.

कर्मचाऱ्यांचे घर सोडून काका गावात एका खोलीत राहू लागले. आता त्यांचा नियम उलटा झाला होता. कोणी हळू बोलले की ते त्याला विचारीत, "तुमची तब्येत बरी आहे ना? तपासून घ्या." पडसे झालेल्या टपालवाल्याला त्यांनी डॉक्टरकडे पाठवले. जिन्यात कुजबुजणाऱ्या दोन तरुणींना थांबवून त्यांनी हेच सांगितले. लोक आधी हसले, मग टाळू लागले. स्वतःचा खोकला मात्र त्यांनी कोणाला दाखवला नाही. खोलीत ओल असेल, असे ते म्हणत. त्या खोकल्यानेच ते गेले.

त्यांच्या पश्चात मेहुणीने खोली रिकामी केली. श्रवणयंत्र तिने तपासणाऱ्याकडे परत दिले. ते उत्तम चालत होते. बसस्थानकाचा जुना ध्वनिवर्धक भंगारात काढताना नियंत्रकाने लावून पाहिला. त्यातही दोष नव्हता. काकूंच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण कोठेच निघाले नाही. आकड्यांच्या बाबतीत इतका दक्ष असलेल्या माणसाच्या घरी ते असेल, असे मेहुणीस वाटले होते. परंतु रोज जिन्याच्या तोंडाशी होणारी घोषणा कोणी कशाला साठवून ठेवील?

दुसऱ्या ग्रहाचे श्रेय ज्यांना मिळायचे त्यांना मिळाले. बाईंचा निबंध दुजोरा म्हणून छापला गेला. आभाराच्या ओळीत त्यांनी काकांचे पूर्ण नाव घातले होते. काकांनी हयातीतच ते खोडायला लावले होते, आणि बाईंनी शब्द पाळला. गुच्छातील तो तारा अजून त्याच बाजूला सरकतो आहे. त्याच्या दूरच्या ग्रहाची निम्मी फेरीसुद्धा अद्याप पुरी झालेली नाही. ती होईल तेव्हा ओढ उलट फिरेल, आणि ते पाहायला तळघरात दुसरे यंत्र असेल. जुन्या यंत्राचा दिवा काढून कपाटात ठेवला आहे. त्याच्यावर ठेवलेला आरोप मागे घेण्याचे मात्र कोणाच्या लक्षात आले नाही. आणि रुग्णालयातल्या त्या शेवटच्या सकाळी काकू काय म्हणाल्या, हेही कळायचे राहून गेले.